सिलिकॉनाधारित जीवसृष्टी

कार्बनाऐवजी सिलिकॉनाच्या रेणूंवर उभी असू शकेल अशी, आजवर कुठेही न आढळलेली जीवसृष्टी. जर्मन खगोलशास्त्रज्ञ युलिउस शाइनर यांनी १८९१ मध्ये ही शक्यता मांडली. आवर्तसारणीत सिलिकॉन (अणुक्रमांक १४) कार्बनाच्या (६) थेट खाली येते आणि त्याच्यासारखेच चार बंध करते, एवढाच तिचा मूळ आधार.

सिलिकॉनाचा तुटवडा कधीच नव्हता. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, तर कार्बन एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. तरी इथले सगळे जीव कार्बनाचेच आहेत. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४६ किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला जेमतेम २२२. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ४५२ चा. त्यामुळे ऑक्सिजन भेटला की सिलिकॉनाच्या साखळ्या मोडतात. पाण्यातही, विशेषतः ते अल्कधर्मी असेल तर, हेच होते. मिथेनच्या जागी येणारा सिलेन हवेत येताच पेट घेतो. श्वसनाचे गणितही बिघडते: कार्बन डायऑक्साइड वायू असल्याने उच्छ्वासातून निघून जातो, सिलिका (सिलिकॉन डायऑक्साइड) मात्र घन असून सुमारे १,७०० अंश सेल्सिअसला वितळते. असा जीव ऑक्सिजनवर जगू लागला तर त्याच्या अंगात वाळूच साचेल.

पाण्यात सिलिकॉन कसे वागते ते गोव्यात जवळून दिसते. जांभा बनतो तो मुसळधार पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेल्यामुळे; मागे उरलेल्या लोहामुळे चिरे तांबडे दिसतात. विरघळलेली सिलिका सिलिसिक आम्लाच्या रूपात मांडवी-झुवारीतून समुद्राकडे जाते आणि डायाटम ही सूक्ष्म एकपेशीय शैवाले ती शोषून काचेसारखी कवचे बांधतात. पाण्यातली सिलिका मोजायची तर नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा. काचेतून सिलिका पाण्यात उतरते आणि आकडा फुगतो. गाळून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा, पण गोठवू नये. पावसाळ्यात नदीमुखाचे पाणी सिलिकेने भरलेले असते. ते गोठताना रेणू एकमेकांना जोडले जातात, मोजणीसाठी घातलेल्या मॉलिब्डेट या रसायनाशी अभिक्रिया करत नाहीत, त्यातून येणारा निळा रंग फिका येतो आणि आकडा कमी भरतो. रेणूंची ही जुळून बसण्याची खोडच जीवाच्या मुळावर येते. उदासीन पाण्यात लिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅमच्या वर सिलिका गेली की तिचा गोळा होऊ लागतो. डायाटम हे काम पेशीतल्या एका बंद पिशवीत, प्रथिनांच्या ताब्यात उरकतात. म्हणजे सिलिकॉन घराच्या भिंतीला, राबणारे रेणू कार्बनाचे. डायाटम ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवले की सेंद्रिय भाग नाहीसा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने छिद्रे असलेले रिकामे कवच तेवढे उरते.

म्हणून असे जीव ‘टोकाच्या वातावरणात’ सापडतील, एवढे म्हणून भागत नाही. पाणी आणि मुक्त ऑक्सिजन नसणे ही खरी अट. सिलिकॉन उष्णता सोसते हा समज सिलिकोन रबरावरून (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळ्यांच्या रबरावरून) आलेला आहे. तेही शुक्राच्या पृष्ठभागावरील ४६४ अंशांना टिकणार नाही. शनीच्या टायटनवर, उणे १७९ अंशांना, द्रव मिथेनच्या सरोवरांत सिलिकॉनाच्या नाजूक साखळ्या तग धरतील. पण त्या थंडीत बहुतेक पदार्थ विरघळत नाहीत, अभिक्रिया रेंगाळतात, आणि तिथले सिलिकॉन बर्फाच्या जाड थराखालच्या खडकात अडकलेले आहे. पेटकोव्स्की, बेन्स व सीगर या संशोधकांच्या २०२० च्या आढाव्यात संहत सल्फ्युरिक आम्ल हे सिलिकॉन-रसायनाला पाण्यापेक्षा कितीतरी अनुकूल विद्रावक ठरले. सगळ्या पर्यायांत हाच सर्वांत विचारात घेण्याजोगा आहे.

सजीवांकडून सिलिकॉन-कार्बन बंध घडवून घेता येतो, हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील फ्रान्सेस अरनॉल्ड यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले. आइसलँडच्या उष्ण झऱ्यांतील रोडोथर्मस मरीनस या जिवाणूच्या सायटोक्रोम सी प्रथिनात तीन बदल करून त्यांनी हे साधले. मात्र त्यासाठी लागणारी सिलिकॉन संयुगे प्रयोगशाळेत बनवलेली होती; निसर्गात ती मिळत नाहीत.