तुफान सेना
प्रतिसरकारचे, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांनी ब्रिटिश राजवटीला समांतर चालवलेल्या सरकारचे, सशस्त्र दल (१९४३–४६). कार्यक्षेत्र तेव्हाचा सातारा जिल्हा, म्हणजे आजचे सातारा व सांगली. केंद्र कुंडल (ता. पलूस). हे गाव औंध संस्थानात मोडे. ब्रिटिश पोलिसांना तिथे थेट हात घालणे सोपे नव्हते.

‘चले जाव’ चळवळीत, १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कराड, तासगाव, वडूज व इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबारात माणसे मारली गेली. पुढारी भूमिगत झाले आणि दरोडेखोरांचे फावले. काही टोळ्या तर चळवळीचेच नाव सांगून लुटू लागल्या. सेनेची उभारणी सामान्यतः १९४३ च्या मध्याची मानतात. जी. डी. (बापू) लाड फील्ड मार्शल आणि विशीतले रामचंद्र ऊर्फ भाऊ लाड कॅप्टन होते. पदनावे लष्करी होती. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी रेल्वेच्या पगाराची रक्कम ताब्यात घेतली, ही सर्वांत गाजलेली मोहीम. एरवी दरोडेखोर, गावगुंड, सावकार व पोलिसांचे खबरे यांचा बंदोबस्त हेच मोठे काम होते. त्यामुळे सेनेच्या अधिकाऱ्याला धोका दुहेरी: मागावर पोलीस आणि सूडाला टपलेले गुंड. मुक्काम रोज बदले. रात्रीची भाकर कोणत्या घरी, हे आधी कुणाला सांगत नसत.

प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ही म्हणत; या नावाचा उगम वादग्रस्त आहे. ‘प्रति’चा तो बोलीतला अपभ्रंश, असे एक मत. तळपायाला पत्रा ठोकत, यावरून नाव पडले, अशी दुसरी कथा. ती सरकारी व विरोधकांच्या प्रचारात रंगली, आणि सेनेतल्यांनी ती साफ नाकारली. त्यांच्या सांगण्यानुसार गुन्हेगाराचे पाय बांधून तळव्यांवर काठीचे फटके देत. बैलाला पत्री (खुराची लोखंडी नाल) मारताना पाय असेच बांधून त्याला आडवा पाडतात. या भागातल्या शेतकऱ्याच्या तोंडी ही उपमा सहज येते, म्हणून हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. अपभ्रंशाने त्याला बळ दिले असणे शक्य आहे. शिक्षा न्यायदान मंडळ ठरवी, अंमल सैनिक करत.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले, भूमिगत बाहेर आले आणि सेनेचे काम थांबले. रामचंद्र लाड २०२२ मध्ये वारले. कुंडलकरांच्या तोंडी ते अखेरपर्यंत कॅप्टन भाऊच होते.