पुट अप विथ

'पुट अप विथ' हे इंग्रजीतले तीन शब्दांचे क्रियापद आहे. न आवडणारी गोष्ट किंवा माणूस कुरकुरत का होईना चालवून घेणे, हा त्याचा अर्थ. शब्दकोशात बहुधा 'सहन करणे' एवढेच सापडते, पण तो शब्द जरा भारदस्त आहे. शेजारच्या कुत्र्याचे भुंकणे, रोज उशिरा येणारी गाडी, घोरणारा नवरा हा या क्रियापदाचा खरा प्रांत. 'आय वोन्ट पुट अप विथ धिस' म्हणजे 'हे मी खपवून घेणार नाही'. 'हाऊ डू यू पुट अप विथ हिम?' असे कोणी विचारले, तर 'तुझं त्याच्याशी निभतं तरी कसं?' हे मराठी जवळचे.

नकारात, प्रश्नात किंवा 'हॅव टू'ला जोडून ते जास्त येते. 'स्टँड'शी त्याची गल्लत होते. 'आय कान्ट स्टँड हिम' चालते, पण होकारार्थी 'आय स्टँड हिम' कोणी म्हणत नाही. 'आय पुट अप विथ हिम' मात्र सर्रास म्हणतात. 'टॉलरेट' हा याच अर्थाचा औपचारिक शब्द. सूचनाफलकावर तो शोभतो, स्वयंपाकघरातल्या भांडणात नाही.

तिन्ही शब्द एकसंध राहतात आणि कर्म 'विथ'नंतरच येते. 'पुट इट अप विथ' चूक, 'पुट अप विथ इट' बरोबर. भूतकाळातही 'पुट'च राहते. उच्चारात जोर 'अप'वर पडतो. पुढे क्रिया आली तर ती आयएनजी रूपात येते: 'पुट अप विथ बीइंग इग्नोअर्ड'.

पूर्वी या अर्थासाठी नुसते 'पुट अप'ही पुरत असे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त रॉडरिगो, आपण मूर्खासारखे जे सोसले ते मुकाट्याने गिळायला अजून तयार नाही, असे म्हणतो तेव्हा 'पुट अप' एवढेच वापरतो. वस्तू खिशात टाकणे, आवरून ठेवणे हा 'पुट अप'चा एक जुना अर्थ. त्यावरूनच अपमान पोटात घालण्याकडे अर्थ सरकला.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, या जुन्या नियमाची खिल्ली उडवणारे 'अप विथ व्हिच आय विल नॉट पुट' हे वाक्य प्रसिद्ध आहे. ते चर्चिल यांच्या नावावर खपते. पण १९४० च्या दशकात ते छापून आले तेव्हा आधी त्यांचे नाव नव्हते, त्यामुळे हे श्रेय संशयास्पदच. विनोद मात्र नेमका आहे. यातले 'अप' शब्दयोगी अव्यय नसून क्रियापदाचाच तुकडा आहे, म्हणून ते पुढे ओढले की वाक्य मोडते.

'विथ' गाळला की अर्थच बदलतो. 'पुट अप अ टेंट' म्हणजे तंबू ठोकणे, 'पुट समवन अप' म्हणजे एखाद्याची रात्रीपुरती सोय करणे. भारतीय इंग्रजीत 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' हा प्रश्न 'सध्या राहायला कुठे?' अशा अर्थाने रूढ आहे. ब्रिटिश इंग्रजीत 'पुट अप' तात्पुरत्या मुक्कामापुरतेच असल्याने, वीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्याला असे विचारले तर तिथला माणूस गोंधळतो.