शेटिकँप: चौदा जणांचं गाव

कॅनडातल्या कॅबट ट्रेल या रस्त्यावरून समुद्र बघत येणारे प्रवासी शेटिकँपला चर्चचा मनोरा दिसला की थांबतात, लॉबस्टर खातात आणि पुढे निघतात. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव कळायला मात्र १७५५ पर्यंत मागे जावं लागतं.

हे गाव वसवणारे अकेडियन मुळात शेतकरी. सतराव्या शतकात फ्रान्सहून नोव्हा स्कोशियात आलेल्या या लोकांनी भरतीच्या पाण्याला बांध घालून खाजणं पिकवली. १७१३ च्या तहाने मुलूख इंग्रजांकडे गेला. बिनशर्त निष्ठेची शपथ ते घेईनात, म्हणून १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं, घरं जाळली. १७६४ मध्ये परतायची मुभा मिळाली, पण पिकत्या जमिनीवर तोवर दुसरेच बसले होते. शेतकऱ्याला मग समुद्राकडे वळावं लागलं.

शेटिकँपच्या जमिनीची सनद १७९० मध्ये चौदा जणांना मिळाली. गाव आजही त्यांना ‘चौदा जुने’ म्हणतं. त्यांचा कॉड मासा विकत घ्यायला इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचे व्यापारी रॉबिन होते. मोबदल्यात रोकड नव्हे, त्यांच्याच दुकानातलं पीठ, मीठ, गळ, कापड. वहीतली उधारी फिटता फिटत नसे. ही पिळवणूकच होती, तिला दुसरं नाव नाही.

तरी या लोकांनी काय उभं केलं ते पाहावं. १८९३ च्या सेंट पीटर चर्चचा दगड समोरच्या बेटावरचा. हिवाळ्यात पाणी गोठलं की घोडे जुंपून तो बर्फावरून ओढून आणला. बायका घरी चौकटीवर गोणपाट ताणायच्या आणि आकड्याने एकेक फास वर ओढत चिंध्यांचे गालिचे विणायच्या. हे गालिचे फेरीवाल्याकडे वस्तूंच्या बदल्यात जात. १९२० च्या दशकात लिलियन बर्क या अमेरिकन चित्रकर्तीने त्यांना मऊ रंगांची लोकर आणि न्यूयॉर्कचं गिऱ्हाईक मिळवून दिलं. पुढे इथल्याच एलिझाबेथ लेफोर्ट यांची लोकरीतली व्यक्तिचित्रं व्हॅटिकनपर्यंत गेली.

१९३६ मध्ये शेजारी राष्ट्रीय उद्यान झालं. त्यासाठी त्या जागेतल्या काप-रूज वस्तीच्या अकेडियन कुटुंबांना घरं सोडावी लागली. एकदा उठवलेल्यांच्या वंशजांना पुन्हा उठवलं, हे मला फार लागतं. उद्यानातल्या ल ब्युत्रो पायवाटेवर त्या घरांचे पाये अजून गवतात दिसतात.