जनावराच्या अंगातलं पाणी किती फिरतं, हे मोजायला कसं जमलं

गाय दिवसाला किती पाणी वापरते हे बघायचं तर बादली मोजली की झालं असं वाटतं, पण बादलीत फक्त प्यायलेलं पाणी कळतं. हिरव्या चाऱ्यातून पोटात गेलेलं त्यात येत नाही आणि अंगात चरबी जळून तयार होणारं तर दिसतच नाही (१ ग्रॅम चरबीमागे १ ग्रॅमपेक्षा थोडं जास्तच पाणी बनतं). श्वासातून नि कातडीतून उडून जाणारं पाणी पकडणं त्याहून अवघड.

वाट सापडली ती जड पाण्यामुळे. १९३१ मध्ये हॅरॉल्ड युरी यांनी ड्यूटेरियम (हायड्रोजनचाच जड प्रकार, त्याच्यापासून बनतं ते जड पाणी) शोधला आणि तीनच वर्षांत हेवेशी आणि होफर यांनी माणसाला पातळ केलेलं जड पाणी पाजून लघवीत ते किती दिवस येतं ते तपासलं, पाण्याचा कण अंगात सरासरी १३ दिवस राहतो असं निघालं. मला तरी हा प्रयोग सगळ्यात मोठा वाटतो, पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

जनावरांत खरा जोर आला ट्रिशियममुळे (हायड्रोजनचाच त्याहून जड प्रकार). ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्या, गुरं, उंट सगळ्यांवर हे वापरलं. पद्धत तशी सोपी, ट्रिशियमवालं थोडं पाणी टोचायचं, अंगभर मिसळेपर्यंत थांबायचं, मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, मग जनावर मोकळं सोडायचं, काही दिवसांनी परत रक्त घ्यायचं आणि ट्रिशियम किती कमी झालं ते बघायचं. पहिल्या नमुन्यावरून अंगात एकूण पाणी किती ते कळतं आणि दोन नमुन्यांतल्या फरकावरून रोज किती बदलतं ते. एकाच रानात चरणारी जनावरं पण सारखी निघाली नाहीत, वजनाच्या हिशोबाने उंटाचं पाणी सगळ्यात कमी फिरतं, गाईचं बरंच जास्त.

रवंथ करणाऱ्यांत एक गोष्ट सांभाळावी लागते, कोठीपोटात (पोटाचा पहिला, सगळ्यात मोठा कप्पा) पाण्याचा मोठा साठा असतो, तिथे ट्रिशियम मिसळायला काही तास लागतात, घाई केली की पहिलाच आकडा चुकतो.

ट्रिशियम किरणोत्सर्गी, अर्धआयुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे त्या जनावराचं दूध, मटण खाण्यात येऊ द्यायचं नाही. म्हणून बरेच जण परत ड्यूटेरियमकडे वळले. पण एक चूक दोन्हीत राहते, बंद दमट गोठ्यात हवेतली वाफ फुप्फुसातून अंगात शिरते, तेवढं पाणी न पिताच बदलतं आणि आकडा फुगतो.