धडक बसलेली जीप आमच्याकडे आणताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"फक्त पुढचा पत्रा गेलाय, चासीला काही झालेलं नाही." चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. फोनवर हे वाक्य आम्ही महिन्यातून तीन-चारदा तरी ऐकतो. एखाद्या वेळी ते खरंही निघतं. बाकीच्या वेळी गाडी आत येते, खाली दिवा धरला जातो आणि मालकाचा चेहरा उतरतो. पुढचे प्रश्न मग तेच : किती दिवस, किती खर्च, आणि गाडी पहिल्यासारखी होईल ना? हे पत्रक त्यासाठीच. जुनी महिंद्रा, जिप्सी, गुरखा, थार यांतली कुठलीही तुमच्याकडे असेल तर हूड, हब आणि फोर बाय फोर काय ते तुम्हाला सांगायला नको. कामापुरतं तेवढं बोलतो.

गाडी जशी आहे तशी आणा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच आहे, आणि ती आमच्या दारात येण्याआधी झालेली असते. अपघात झाला की जवळच्या गॅरेजात "जरा चालण्यापुरती" गाडी ओढून घेतात. ट्रॅक्टरला साखळी बांधायची, बंपर ओढायचा, लाँग मेंबर (चासीची लांब उभी बाजू, आम्ही नुसतं लाँग म्हणतो) वाकलेला दिसला तर गॅसने लाल करून घण मारायचा, वरून चासी ब्लॅक (काळा रंग) फिरवायचा. हेतू चांगलाच असतो. पण त्या दोन तासांत आम्हाला लागणारा सगळा पुरावा पुसला जातो.

वाकलेली चासी बोलते, म्हणून पुरावा म्हणतोय. धडक कुठून आली, जोर कुठपर्यंत गेला, हे पत्र्यावरच्या सुरकुत्या सांगतात. लाँगवरचा रंग जिथे पापुद्र्यासारखा सुटलाय तिथे आतलं लोखंड ताणलं गेलंय. क्रॉस मेंबरच्या (दोन लाँग जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) रिव्हेटभोवती तांबडी रेघ दिसली तर तो रिव्हेट हलतोय समजायचं. या खुणा वाचून ओढायचा क्रम ठरतो. जे सगळ्यात शेवटी वाकलं ते आधी ओढायचं, जे आधी वाकलं ते शेवटी. एकाच जागी साखळी लावून हिसडा दिला तर जुना वाक पूर्ण जात नाही आणि शेजारी नवा पडतो. मग आमच्यापुढे दोन अपघात असतात : एक रस्त्यावरचा, एक गॅरेजातला.

गॅसचंही तसंच. लाल केलेलं लोखंड सहज वळतं, पण त्या जागची ताकद पहिल्यासारखी राहत नाही. जुन्या जीपच्या साध्या पोलादी चासीला थोडंफार चालून जातं. नव्या गाड्यांच्या चासीत जास्त ताकदीचं पोलाद असतं, त्याला ज्योत दाखवणं म्हणजे नुकसानच. आम्ही शक्य तेवढं थंडच ओढतो, हळूहळू, जॅक आणि चेनकप्पीने, आणि प्रत्येक ओढीनंतर माप घेतो. यात दिवस जातात. लोकांना वाटतं, पोरं नुसती बसून आहेत. ओढून ताणात ठेवलेल्या चासीपाशी घाई करून उपयोग नसतो, एवढंच सांगू शकतो.

एक ताजं उदाहरण. गेल्या गळीत हंगामात गगनबाव्ड्याकडून एक महिंद्रा एमएम 540 जीप येत होती. रात्रीची वेळ, पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मालक छातीच्या मुक्या मारावर वाचले. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, वयाने मालकांपेक्षा दोन वर्षांनी लहान. विकायचा प्रश्नच नव्हता. वाटेतल्या एका गॅरेजात वर सांगितलेला सगळा सोपस्कार झाला. नवं बॉनेट, नवा रंग, लाँगवर पट्टी. अठरा दिवसांत गाडी दारात. दिसायला झकास. फक्त डावीकडे खेचायची, आणि मागून येणारे हॉर्न मारून सांगायचे, "अहो, गाडी तिरकी चाललीय."

आमच्याकडे आल्यावर मोजली. डाव्या बाजूचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) उजव्यापेक्षा 19 मिलीमीटरने कमी. त्यातलं काही चासीचं होतं आणि काही पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगचं. पाट्याचा सेंटर बोल्ट धडकेत तुटला होता आणि पुढचं हौसिंग (अ‍ॅक्सलचं कवच) पाट्यावर मागे सरकून बसलं होतं. तो बोल्ट कोणी बघितलाच नव्हता, नुसते यू-बोल्ट आवळले होते. लाँगवरची पट्टी चौकोनी, तिची कड लाँगला काटकोनात आडवी वेल्ड केलेली, आणि बरोबर त्या वेल्डिंगच्या शेजारी खालच्या कडेला केसाएवढी चीर. नवा कोरा रंग आम्ही पहिल्याच दिवशी खरवडून काढला. मालक बाहेर जाऊन उभे राहिले, बघवेना त्यांना. थेट आमच्याकडे आली असती तर पाच आठवड्यांचं काम होतं. दहा लागले. आधीचा खर्च गेला तो वेगळाच.

त्या गॅरेजवाल्याला नावं ठेवायची नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ही कामं तो माणूस उत्तम करत असेल. पण चासीसाठी सपाट फरशी लागते, खाली रोवलेले हूक लागतात आणि मोजायचा कंटाळा नसावा लागतो.

माप कसं घेतो

गुपित काही नाही. गाडी चार स्टँडवर लेव्हलमध्ये घ्यायची. पाट्यांच्या ब्रॅकेटची भोकं, बॉडी माउंटिंग (बॉडी चासीला जिथे कसतात त्या जागा), क्रॉस मेंबरची टोकं, अशा ठरलेल्या जागांवरून ओळंबा सोडायचा आणि फरशीवर खडूने खूण करायची. गाडी बाजूला घेतली की तिचा नकाशा जमिनीवर उरतो. मग दोरी धरून कर्ण मोजायचे. चासी पुढे अरुंद आणि मागे रुंद असली तरी दोन्ही बाजू सारख्या असतात, म्हणून डावा-उजवा कर्ण सारखाच आला पाहिजे. नाही आला तर चौकट तिरकी झाली. लाँगला झोळ पडलाय का, पीळ बसलाय का, हे उंचीच्या मापावरून कळतं. कंपनीची मापं आमच्याकडे भिंतीवर आहेत. जुन्या सीजे थ्रीबी जीपचा व्हीलबेस 80 इंच, जिप्सीचा 2375 मिलीमीटर, 2020 साली आलेल्या थारचा 2450. पण आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंतला फरक महत्त्वाचा. कर्णात 3 मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असताना आम्ही बॉडी चढवत नाही.

या मापाचे आम्ही 2,500 रुपये घेतो, आणि "नुसतं बघायचे पैसे?" असं बरेच जण विचारतात. अर्धा दिवस, दोन माणसं आणि सही-तारखेचा मापाचा कागद, एवढं त्यात आहे. तो कागद तुमचा. तो घेऊन दुसरीकडे काम करून घेतलंत तरी आमची हरकत नाही. काम आमच्याकडे झालं तर ही रक्कम बिलातून वजा होते. आतापर्यंत कागद घेऊन गेलेले बरेचसे परत इथेच आले, हेही खरं.

पहिल्या दिवशी पक्का आकडा का देत नाही, याचं उत्तरही यातच आलं. आधीचा अंदाज बाहेरून दिसतं त्याचा असतो. दुसरा, गाडी उघडल्यावरचा. बेल हौसिंगला तडा, वाकलेला नकल, प्रॉपेलर शाफ्टचा मार खाल्लेला क्रॉस, हे उघडल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्या अंदाजावर तुमची सही झाल्याशिवाय आम्ही पुढचा पाना लावत नाही.

सेल्फ मारून बघू नका

गाडी उलटली असेल तर हे जास्तच लागू. उलट्या पडलेल्या डिझेल गाडीत ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. ते दाबलं जात नाही. तशात सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. जे इंजिन आधी धड होतं ते तुमच्या एका किल्लीने उघडावं लागतं. आम्ही आधी इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढतो, हाताने फिरवतो, ऑइल बाहेर येऊ देतो. समोरून धडक असेल तर पंखा रेडिएटरात घुसलेला असू शकतो.

टोचन करूनही आणू नका. चारही चाकं उचलून, सपाट पाठीच्या गाडीवर आणा. आमची ओळखीची गाडी आहे, फोन केलात तर पाठवतो. भाडं थेट त्याला द्यायचं, त्यात आमचं काही नाही. आणि तुटलेला प्रत्येक तुकडा बरोबर आणा. फुटलेली लॅम्पची चौकटसुद्धा. जुन्या जीपचे काही भाग आता बाजारात मिळत नाहीत, तुकड्यावरून लेथवर नवा करता येतो. कोल्हापुरात बसून हे काम करण्याचा तेवढा फायदा आहे : फाउंड्री, लेथ, सगळं सायकलच्या अंतरावर.

विम्याच्या क्लेमविषयी थोडं

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बघितल्याशिवाय काही उघडू नका. अपघाताच्या जागीच फोटो काढा, चारही बाजूंनी आणि खालूनही. कोणी जखमी असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 136 खालची आरटीओ निरीक्षकांची तपासणी होऊ द्या, मग गाडी हलवा.

जुन्या गाडीचा क्लेम हातात आल्यावर लोक रागावतात, म्हणून आधीच सांगतो. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 50 टक्के घसारा कापतात. रबर आणि प्लॅस्टिकवर गाडी कितीही नवी असली तरी 50 टक्के. काचेवर काही नाही. रंगात नुसत्या मालाच्या किमतीवर 50 टक्के. मजुरीवर कापत नाहीत. म्हणून आम्ही बिलात भाग, मजुरी आणि रंग वेगवेगळे दाखवतो. "एकच आकडा टाका" असं सांगणाऱ्यांचं नुकसान त्यांचंच होतं.

दुसरी अडचण टोटल लॉसची. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. दोन लाख आयडीव्ही असलेल्या जीपला दीड लाखातच ही रेघ येते, आणि चासीचं काम असलं तर दीड लाख म्हणजे काहीच नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दर वर्षी हप्ता वाचवायला ती खाली आणत राहायची आणि अपघातानंतर गाडी सोन्याची होती म्हणायचं, हे जमत नाही. नूतनीकरणाच्या वेळीच बोला. फक्त थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) घेतला असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळणारच नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या जीपांमध्ये असे बरेच निघतात.

आम्ही काय करत नाही

चासी नंबरचा भाग कापत नाही, घासत नाही, त्यावर वेल्डिंग करत नाही. काम सुरू करण्याआधी नंबरची पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेला ठसा) घेतो, काम झाल्यावर पुन्हा घेतो, दोन्ही तुम्हाला देतो. "भंगारातली एक चांगली चासी आहे, नंबर पंच करून द्या," असं सांगणारे भेटतात. पैसे कितीही द्या, तो गुन्हा आहे. चासी बदलायचीच असेल तर कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी काढून रीतसर बदलू, कागदांची धावपळ आम्ही करून देतो.

बुल बार (बंपरपुढे लावतात तो लोखंडी दांड्यांचा सांगाडा) आम्ही काढून देतो, बसवून देत नाही. डिसेंबर 2017 पासून केंद्राने त्यावर बंदी घातलीय. आमचं कारण जास्त साधं आहे. बंपर आणि पुढचा पत्रा दुमडून धडक खाण्यासाठी असतात. लोखंडी बार थेट चासीच्या शिंगांना (पुढच्या टोकांना) कसलेला असला की तोच मार लाँगपर्यंत जातो, आणि एअरबॅगवाल्या गाडीत सेन्सरचा हिशोबही चुकतो. आमच्याकडे येणाऱ्या वाकलेल्या चासीत बुल बारवाल्या गाड्या किती, ते येऊन बघा.

आणि कधीकधी आम्ही कामच नाकारतो. दोन्ही लाँग गंजून आतून पोकळ झाल्या असतील, वेल्डिंगला धड लोखंडच उरलं नसेल, तर तसं तोंडावर सांगतो. कोकणातल्या गाड्यांत हे जास्त दिसतं, खारी हवा सोडत नाही. अशा वेळी इंजिन, गिअरबॉक्स आणि आठवण म्हणून ग्रिल वाचवावं.

गाडी घेऊन जाताना

काम पूर्ण झालं की आम्ही फरशीवर बादलीभर पाणी ओततो आणि गाडी सरळ त्यातून नेतो. पुढे कोरड्या फरशीवर चाकांचे ओले पट्टे उमटतात. मागच्या चाकाचा पट्टा पुढच्याच्या वाटेने गेला पाहिजे. पुढचा-मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) कमी-जास्त असेल तर फरक दोन्हीकडे सारखा दिसला पाहिजे. एकीकडे जास्त, एकीकडे कमी दिसलं तर गाडी खेकड्यासारखी चालतेय, घेऊ नका. हे तुमच्यासमोरच करतो, म्हणून गाडी न्यायला ड्रायव्हरला पाठवू नका, स्वतः या. ती ट्रॉलीवाली एमएम 540 गेली तेव्हा मालकांनी पट्ट्यांचा फोटो काढून घरी पाठवला, आणि मग तीन वेळा पुन्हा पाणी ओतायला लावलं.

500 किलोमीटर झाल्यावर एकदा परत आणा. यू-बोल्ट, शॅकल आणि बॉडी माउंटिंग बसल्यावर पुन्हा आवळावे लागतात. त्याचे पैसे नाहीत.

जून ते सप्टेंबर रंगाला जास्त दिवस लागतात, हवा दमट असताना आम्ही फवारणी करत नाही. दिवाळीत ट्रेलला जायचं असेल तर गणपतीच्या आत गाडी आणून टाका. सोमवारी सुट्टी असते, इतर दिवशी सकाळी साडेनऊपासून. येताना आरसी, पॉलिसी, पंचनाम्याची प्रत, अपघाताचे फोटो आणि ती तुकड्यांची पिशवी.