शून्याच्या अल्याड-पल्याड वाहणारा रस

फेब्रुवारीच्या शेवटी अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट किंवा कॅनडातल्या क्युबेकमधल्या अंगणात अजून भरपूर बर्फ असतो. मेपलच्या झाडावर एकही पान नसतं. अशा वेळी खोडाला पाच सेंटिमीटर खोल भोक पाडलं की पाण्यासारखा नितळ रस ठिबकू लागतो. हाच आटवला की मेपल सिरप, म्हणजे मेपलचा दाट गोड पाक होतो. चाखला तर गोडी जेमतेम जाणवते, कारण त्यात साखर साधारण 2 टक्केच असते. उसाच्या रसात ती याच्या सात-आठ पट असते.

आपल्याला झाडाचा गोड रस माहीत आहे तो माडाचा. पण माडाची पोय छेदून मिळणारी नीरा रसवाहिन्यांतून येते, म्हणजे पानांनी नुकतीच बनवलेली साखर वाटेत अडवून घेतलेली असते. मेपलचा रस जलवाहिन्यांतला. त्यातली साखर मागच्या उन्हाळ्यातली आहे. झाडाने ती लाकडात स्टार्च म्हणून साठवली आणि थंडी वाढली तशी पुन्हा विरघळवली.

हा रस वाहतो कशामुळे? ‘वसंतात मुळांतून वर चढतो’ असं सांगितलं जातं, पण ते पुरेसं नाही. मुळांपासून तोडलेला मेपलचा ओंडकासुद्धा गोठवून पुन्हा ऊब दिली की पाझरतो. गुपित लाकडात आहे. बहुतेक झाडांच्या लाकडातले आधारतंतू पाण्याने भरलेले असतात, मेपलचे मात्र हवेने. रात्री तापमान शून्याखाली गेलं की या तंतूंच्या पोकळीत बर्फ जमू लागतो, आतली हवा दबते आणि झाड मुळांवाटे पाणी ओढून घेतं. दिवसा पारा 4-5 अंशांवर आला की बर्फ वितळतो, दबलेली हवा फुगते आणि रस बाहेर ढकलते. चांगल्या दिवशी हा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेइतका भरतो. म्हणून रात्री उणे 5 आणि दिवसा अधिक 5 हे उत्तम. सलग चार दिवस गोठलेलेच किंवा सलग चार दिवस उबदार गेले तर बादली कोरडी राहते.

अंगणात एखाद-दुसरा मेपल असलेल्यांनी झाड शरद ऋतूतच, पानं असताना ओळखून खूण करून ठेवावी. शुगर मेपल सर्वांत गोड. रेड मेपल चालतो, पण त्याच्या कळ्या लवकर फुगतात आणि हंगाम आखूड होतो. छातीच्या उंचीवर घेर निदान 95 सेंटिमीटर हवा. त्याहून बारीक झाडाला हात लावू नये. 140 सेंटिमीटरच्या पुढे दोन भोकं चालतील.

भोक 8 मिलिमीटर व्यासाचं, किंचित वरच्या बाजूला तिरकं, म्हणजे रस आपोआप बाहेर येतो. ड्रिलमधून येणारा भुसा बघा: फिकट पिवळसर असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी भुसा म्हणजे जुन्या जखमेचं मेलेलं लाकूड, तिथून थेंबही येणार नाही. तोटी हातोडीने हलकेच ठोकावी. आवाज बदलला की थांबायचं. आणखी जोर लावला तर लाकूड चिरतं आणि रस तोटीच्या बाजूने गळून वाया जातो. पुढच्या वर्षीचं भोक जुन्यापासून बरंच बाजूला आणि वर-खाली हवं, कारण झाड जखमेभोवती उभा पट्टा कायमचा बंद करून टाकतं. बादली खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लॅस्टिकची किंवा स्टीलची असावी आणि तिला झाकण असावं. जुन्या बाजारातल्या, सांध्यांना डाग (सोल्डर) दिलेल्या पत्र्याच्या बादल्या वापरू नयेत, त्या सोल्डरमध्ये शिसं असू शकतं.

रस दुधासारखाच नासतो. बर्फात पुरून किंवा फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत आटवावा. बादलीवर सकाळी बर्फाची पापडी आली असेल तर ती फेकून द्या: बर्फात साखर फारच थोडी राहते, उरलेला रस आयताच घट्ट होतो. बाष्पीभवनाची यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या मूळ रहिवाशांना ही युक्ती ठाऊक होती.

किती रस लागेल याचा हिशेब सोपा आहे. 86 ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं. 2 टक्के असेल तर एक लिटर सिरपला 43 लिटर रस, दीड टक्का असेल तर 57. एका भोकातून हंगामभरात साधारण 40 लिटर मिळतात, म्हणजे भोकाला एक लिटर सिरप. उरलेले चाळीसेक लिटर पाणी वाफ होऊन जायचं असतं, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये. भिंतींना पाणी सुटतं. बाहेर चूल मांडून, पसरट आणि उथळ भांड्यात आटवावं. आपल्या गुऱ्हाळातली काहील पसरट असते तीही याचसाठी. फेस उतू येऊ लागला तर लोण्याचा इवलासा गोळा टाकला की बसतो.

शेवटची पायरी नाजूक आहे. त्या दिवशी साधं पाणी किती अंशांना उकळतं ते आधी मोजा. सिरप त्याहून बरोबर 4 अंश वर तयार होतं, म्हणजे समुद्रसपाटीला 104. आपला हात एकतारी पाकाला सरावलेला असतो, पण एकतारीपर्यंत थांबलात तर बाटलीत खडीसाखर मिळेल. इथे पळीवरून थेंबांऐवजी पातळ पडदा घसरला की उतरवायचं. साखर 66 टक्क्यांच्या खाली राहिली तर सिरप आंबतं किंवा बुरशी धरतं. तळाशी वाळूसारखा गाळ दिसेल, तो कॅल्शियम मॅलेट या क्षाराचा. गरम असतानाच जाड लोकरी कापडातून गाळावं आणि 85 अंशांच्या आसपास असताना बाटल्या भराव्यात.

या पाच-सहा आठवड्यांत झाडाखाली उभं राहण्यात वेगळाच आनंद आहे. मोडलेल्या डहाळीतून रस ठिबकून गोड हिमकांडी तयार होते आणि चिकाडी पक्षी तिला उलटे लोंबकळत चोखतात. लाल खारी फांदी चावून ठेवतात, पाणी उडून जाऊ देतात आणि मग परत येऊन वाळलेली साखर चाटतात. बादलीच्या कडेला पतंग सापडतात. उन्हाच्या दिवशी बर्फावर काळी मिरपूड सांडल्यासारखं दिसतं, ते उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे इवले जीव. मुलांना सिरप 113 अंशांपर्यंत तापवून ताज्या बर्फावर ओतून द्या. चिकट, ताणली जाणारी पट्टी होते. व्हर्मॉन्टमध्ये ती आंबट लोणच्याच्या काकडीबरोबर खातात आणि ते अगदी बरोबर आहे, कारण नुसती गोडी दोन घासांत नको होते.

हंगाम सरत जातो तसं सिरप गडद होतं. ऊब वाढते तसे रसात सूक्ष्मजीव वाढतात, ते साखर फोडतात आणि आटवताना रंग व चव दाट येते. काकवीची सवय असलेल्या जिभेला हे उशिराचं सिरपच जास्त आवडेल. मग एके संध्याकाळी डबक्यांतून बेडूक ओरडू लागतात. या शेवटच्या रसाला तिथले लोक बेडकांचं नावच देतात. कळ्या फुगल्या की रसाला कुबट वास येतो आणि तो आटवूनही जात नाही. त्या दिवशी तोट्या उपसायच्या, गरम पाण्याने धुवायच्या आणि भोक तसंच उघडं सोडायचं. खुंटी, मेण, रंग काही लावायचं नाही. झाड ते आतून स्वतःच बंद करतं.