कहाणी (व्रतकथा)

कहाणी : व्रताच्या दिवशी पूजा आटोपल्यावर मोठ्याने सांगितली आणि ऐकली जाणारी मराठी लोककथा. शब्द संस्कृत ‘कथानिका’ व प्राकृत ‘कहाणिआ’ यांवरून आला. हिंदीतील ‘कहानी’ त्याच कुळातली. मात्र जुन्या घरगुती वापरात ‘गोष्ट’ आणि ‘कहाणी’ यांत भेद आहे. गोष्ट केव्हाही सांगता येते, कहाणीला वार किंवा तिथी लागते आणि तिच्यामागे घेतलेला वसा, म्हणजे व्रताचा नेम, असतो. बहुतेक कहाण्या चातुर्मासातल्या, त्यातही श्रावणातल्या : रविवारची आदित्यराणूबाईची, सोमवारची खुलभर दुधाची, शुक्रवारची जिवतीची, संपत शनिवारची. पुढे हरतालिका, ऋषिपंचमी, ज्येष्ठागौरी यांच्या कहाण्या येतात.

घडण : ‘ऐका परमेश्वरा गणेशा, तुमची कहाणी’ किंवा ‘ऐका महादेवा, तुमची कहाणी’ अशी सुरुवात असते. हे ‘ऐका’ समोर बसलेल्या बायकांना नसून देवाला उद्देशून आहे. पहिला श्रोता तो. त्यानंतर ‘आटपाट नगर होतं’. आटपाट हे कोणत्याही शहराचे नाव नव्हे, आणि तिथल्या राजा, प्रधान, गरीब ब्राह्मण यांनाही सहसा नावे नसतात. कथेत पुढे वशाचा विधी प्रश्नोत्तरांतून येतो : वसा कधी घ्यावा, काय करावे, संपूर्णाला, म्हणजे वसा पुरा करताना, काय करावे. देवता किंवा वसा सांगणारी बजावते, ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.’ ती अमुकाला प्रसन्न झाली तशी तुम्हां-आम्हांला होवो, असे म्हणून ठरलेल्या वाक्याने शेवट होतो.

काळ : यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या चतुर्वर्गचिंतामणी या तेराव्या शतकातील ग्रंथाच्या व्रतखंडात व्रतांचा मोठा संग्रह आहे. मराठी कहाण्या मात्र तिथून सरळ उतरल्या असे मानणे अवघड आहे. संस्कृत व्रतकथेत कृष्ण युधिष्ठिराला किंवा शंकर पार्वतीला सांगतो अशी चौकट बहुधा असते. हरतालिकेच्या कहाणीत ती आहे. आटपाट नगराच्या कहाण्यांत नाही. तेव्हा पहिला गट पुराणांवरून आलेला आणि दुसरा लोककथांच्या साठ्यातला, ही विभागणी अधिक पटते. गणपतीच्या कहाणीत तर कथानकच नाही : निर्मळ मळे, उदकाचे तळे यांचे वर्णन, मग वशाचा विधी. तिच्या शेवटी ‘ध्याइजे, पाविजे, लाभिजे’ अशी यादवकालीन मराठीत आढळणारी रूपे येतात. त्यावरून ती फार जुनी ठरवण्याचा मोह होतो, पण पोथ्या रचणारे पुढेही अशी रूपे वापरत राहिले. एवढ्या आधारावर तो भाग उरलेल्या मजकुरापेक्षा जुन्या वळणाचा आहे इतकेच म्हणता येते.

‘साठा उत्तरांची’ : ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ या समाप्तीच्या वाक्याचा अर्थ वादाचा आहे. एक मत, साठा म्हणजे संग्रह : उत्तरांचा साठा असलेली कहाणी. व्याकरण याच्या आड येते. साठा या नामाचे सामान्यरूप ‘साठ्या’ होते, आणि ‘पाचा’ हा उघड संख्यावाचक शब्द जोडीला आहे. ‘साठां’, ‘पाचां’ ही जुन्या मराठीतील संख्याविशेषणांची सामान्यरूपे मानली तर वाक्य सरळ लागते : साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत पुरी झाली.

प्रश्न उरतो ‘उत्तर’ या शब्दाचा. जुन्या मराठीत त्याचा अर्थ ‘बोल, वचन’ असाही आहे. तो घेतला तर सांगणारी म्हणते, साठ वाक्यांचा विस्तार मी पाचांत आवरला, उणे राहिले असेल तरी फळ पूर्ण मिळो. दुसरा पक्ष ‘प्रश्नाला दिलेले उत्तर’ हाच अर्थ धरतो आणि विधीच्या प्रश्नोत्तरांकडे बोट दाखवतो. पण गणपतीच्या कहाणीत असे प्रश्न जेमतेम दोन-तीन आहेत, साठ किंवा पाच हा हिशेब तिथे बसत नाही. म्हणून ‘बोल’ हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. काही घरांत ‘साता उत्तरांची कहाणी साठा उत्तरी’ असा पाठ आहे. त्यात संकोचाऐवजी विस्तार होतो.

सांगण्याची रीत : देवापुढे दिवा लावून सांगणारी व ऐकणाऱ्या बसतात. प्रत्येकीच्या उजव्या मुठीत चिमूटभर अक्षता असतात. तांदूळ अखंड हवेत; कुंकू लावताना पाणी जास्त झाले की दाणे तळहाताला चिकटून राहतात आणि वाहताना पडत नाहीत. आधी गणपतीची कहाणी, मग त्या दिवसाची. गणपतीची मिनिटभरात होते, आदित्यराणूबाईला दहा-बारा मिनिटे लागतात. संपल्यावर अक्षता देवाला वाहतात. जिवतीच्या कहाणीत दुरावलेल्या मुलाची आई चारी दिशांना अक्षता टाकते आणि त्या मुलाच्या डोक्यावर पडतात. शुक्रवारी अक्षता टाकण्याच्या रीतीचा अर्थ तिथे उलगडतो.

श्रोता नसेल तर कहाणी होत नाही. याचा सर्वांत ठळक पुरावा आदित्यराणूबाईच्या कहाणीतच आहे. सांगणारी सहा मोत्ये घेते, तीन आपण ठेवते, तीन ऐकणाऱ्याला देते. ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो. कथेतल्या ब्राह्मणाची राजाच्या घरी दिलेली मुलगी उशीर होईल म्हणून ऐकायचे नाकारते आणि दरिद्री होते, प्रधानाच्या घरची ऐकते आणि भरभराटीला येते. पुढे उपाशी मोळीविक्या ऐकतो, त्याची लाकडांची मोळी सोन्याची होते. मग माळी, म्हातारी, शेवटी हातपाय नसलेला मांसाचा गोळा. नवखी सांगणारी चुकते ती इथे : पुनरुक्ती नको म्हणून ‘पुढेही तसंच झालं’ असे म्हणून मोकळी होते. पण दर वेळी मोत्यांची वाटणी त्याच शब्दांत यावी लागते. त्या ठेक्यावरच ऐकणाऱ्या बायका विसरलेला दुवा पुरवतात.

छापील रूप : चातुर्मासाच्या पुस्तकांमुळे पाठ बराचसा एकसारखा झाला. ‘होतं, केलं’चे ‘होते, केले’ झाले की वाक्यांची बोली लय मोडते. वाचून दाखवताना ती परत आणावी. ब्रिटिश सनदी अधिकारी सी. ए. किंकेड यांनी १९१४ मध्ये या कहाण्यांची इंग्रजी रूपांतरे प्रसिद्ध केली. त्या पुस्तकातील चित्रे चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची. गोव्यात श्रावणातील रविवारी नवविवाहिता आयतारपूजन (रविवारची सूर्यपूजा) करतात. तिथे कहाणीला ‘काणी’ म्हणतात.